कुशीतली जखम

माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, डॉक्टरांनी एक भोक पाडलं आहे. आतड्याचं टोक तिथून बाहेर काढून कातडीला शिवलंय आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. माझी शी त्या पिशवीत जमा होते. हे आता कायमचं आहे.

एवढं वाचून ज्यांना पुढे वाचवत नसेल त्यांनी खुशाल थांबावं. 'असलं काही चारचौघांत बोलू नये गं' असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली. लोकांच्या घरातली भांडणं चहाबरोबर चघळायला त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. आज कुठल्या तरी वॉर्डात भिंतीकडे तोंड करून कुणी पडलं असेल, 'आता मी कशाच्या लायकीची उरले' असं मनात घोळवत असेल, तिच्यासाठी लिहितेय. त्याच्यासाठीही.

माझं नाव करुणा. पनवेलमध्ये एका बालवाडीत शिकवते. नवरा विलास तळोज्याला केमिकल कंपनीत पाळीवर जातो. आम्ही दोघं एकाच चर्चच्या रविवारच्या शाळेत वाढलो, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला नावानेच हाक मारते. मुलगी एस्तेर कॉलेजात आहे. आणि आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर कित्येक वर्षं मी करत आले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही बिनखमिराची साधी भाकर असते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ती सगळ्यांसमोर मोडतात आणि येशूच्या मोडलेल्या शरीराची आठवण म्हणून प्रत्येकजण त्यातला तुकडा खातो. शनिवारी संध्याकाळी मी ती भाजायचे तेव्हा घरात टीव्ही बंद असायचा. एवढी एकच शिस्त आमच्या घरात कुणी मोडली नाही.

निदान

रक्त पडायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं. मूळव्याध. शेजारणीने, मेडिकलवाल्याने, आईने फोनवरून, आणि पहिल्या डॉक्टरांनीही. मी सुरण खाल्ला, ताक प्यायले, इसबगोल घेतला. पुढे रिक्षात नीट बसता येईना तेव्हा एस्तेरने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घातली आणि आतला तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी आत बोलावलं ते विलासला. "पेशंटला बाहेरच बसू दे," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी उठले आणि त्याच्या मागोमाग आत गेले. डॉक्टरांनी विलासकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टर, इकडे बघून बोला," मी म्हटलं. "आजार मला झालाय."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "कॅन्सर आहे. गुदाशयाचा. बरा होण्यासारखा आहे. पण तो सगळा भाग काढावा लागेल आणि पोटावर पिशवी येईल. कायमची."

विलासने 'बरा होण्यासारखा' ऐकलं. मी 'कायमची' ऐकलं. एकाच खोलीतून आम्ही दोघं दोन वेगळे शब्द घेऊन बाहेर पडलो. पुढचे कितीतरी महिने आमच्यात जी भांडणं झाली, ती खरं तर या दोन शब्दांचीच होती.

बाहेर रणरणतं ऊन होतं. विलासने उसाचा रस घेतला आणि ग्लास माझ्यापुढे धरला. मी प्यायले. रस गोड लागला. आजच्या दिवशीही तो गोड लागतो, याचाच मला राग आला.

सभा

विलासची मोठी बहीण, शोभाताई, खारघरला राहते. ती आमच्या चर्चमध्ये येत नाही, एका चंगाईच्या सभेला जाते. चंगाई म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणं. ऑपरेशनआधीचे लाइट, म्हणजे रेडिएशन, आणि केमो चालू होते, तोंडाला चव नव्हती, तळपाय सोलपटले होते. अशात ती आली आणि म्हणाली, "एकदा चल माझ्याबरोबर. एकदाच."

मी गेले. खोटं कशाला बोलू, आशेने गेले. हॉल गच्च भरला होता. तिथल्या प्रवचन करणाऱ्या ब्रदरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि माइकवर ओरडून सांगितलं, "या बहिणीला आत्ता, या घटकेला चंगाई मिळाली आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. मग त्यांनी माइक बाजूला धरून मला सांगितलं, "आता ऑपरेशन नको. सुरीखाली गेलात तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पुन्हा रक्त पडलं. मी शोभाताईला फोन केला.

"सैतान फसवतोय तुला," ती म्हणाली. "तुला रक्त दिसतंय, पण ते नाहीये. विश्वासाने बघ."

"शोभाताई, फरशी मी पुसलीय."

"बघ, इथेच तुझा विश्वास कमी पडतो."

तोपर्यंत मी तिच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "मी एका परक्या माणसाच्या हातात सुरी देऊन त्याच्यापुढे डोळे मिटून झोपणार आहे. सकाळी उठेन की नाही ठाऊक नाही, तरी झोपणार आहे. याहून मोठा विश्वास तुमच्या हॉलमध्ये कुणी दाखवला असेल तर मला सांग."

तिने फोन ठेवला. मी हॉस्पिटलात होते तेवढे दिवस ती आली नाही.

तुमच्या घरातही कुणी असं म्हणणारं असेल. त्यांच्या प्रार्थना घ्या, ऑपरेशन रद्द करू नका. देव इतका मानी नाही की तुम्ही डॉक्टरकडे गेलात म्हणून रुसून बसेल.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी सिस्टर लिसी आली. ती केरळची. पिशवीवाल्या पेशंटना शिकवणं हेच तिचं काम. तिचं मराठी अर्धं हिंदीत असायचं, पण हात फार मऊ होते. "साडी की ड्रेस? नाडी किधर बांधता? बसा. आता वाका. कुशीवर व्हा," असं करत तिने माझ्या पोटाच्या वळ्या बघितल्या आणि पेनाने एक खूण केली. त्या एका खुणेसाठी तिने इतका वेळ घालवला की मला बरं वाटलं. माझं पुढचं आयुष्य तिथून जाणार होतं आणि कुणीतरी जागा नीट बघून निवडत होतं.

वॉर्डाचा दिवस ठरलेला. भल्या सकाळी मावशी फिनेलचा पोछा मारून जायच्या, मग चहा, मग ताप बघणं, मग राउंड. राउंडला डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून एकमेकांशी माझ्याबद्दल बोलायचे. मी प्रत्येक वेळी "गुड मॉर्निंग" म्हणायचे, मोठ्याने, ते माझ्याकडे बघेपर्यंत.

पिशवीकडे मात्र मी बघितलं नव्हतं. सिस्टर लिसी ती बदलायला आली की मी पंख्याकडे डोळे लावायचे. पोटावर काहीतरी कोमट, ओलं हलतंय एवढं कळायचं. वास यायचा. तो माझाच आहे हे कळायचं.

शेजारच्या कॉटवर हिराबाई होत्या. कोन गावच्या, आगरी, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचंही पोटाचं ऑपरेशन झालं होतं. एके दिवशी पडदा बाजूला सारून त्यांनी सरळ विचारलं, "कशाला तोंड फिरवतंस गो बाय? तुजाच जीव हाय त्यो."

"मावशी, मला नाही बघवत."

"आमचे गावाशी मोठा रस्ता केला ना, तवा जुनी वाट बंद झाली. मग बाजूनं दुसरा रस्ता काढला. गाड्या काय थांबल्या? नाय. तुजा पन तसाच हाय. जुनी वाट बंद, बाजूनं सर्विस रोड."

मला हसू फुटलं. टाके असे ताणले की डोळ्यांत पाणी आलं. हसतानाच माझी नजर खाली गेली आणि मी पहिल्यांदा ते बघितलं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं, एखादं छोटं तोंड मिटावं-उघडावं तसं हलणारं. मला ते आवडलं नाही. पण बघितलं.

घरी जायच्या दिवशी हिराबाई माझ्या कॉटजवळ आल्या, उशाला हात लावला आणि त्यांच्या एकवीरा आईला म्हणाल्या, "हिला पन बघ गो." मी हरकत घेतली नाही. माझ्यासाठी देवाकडे तोंड उघडणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं.

घरी

पहिल्याच आठवड्यात पिशवी गळली. चादर, गादी, माझा गाउन, सगळं. एस्तेर धावत आली आणि तिने ओढणी नाकाला लावली. लगेच काढलीही, पण मी पाहिलं होतं. तिने खिडक्या उघडल्या, चादर बादलीत बुडवली आणि गादी पुसत राहिली. मी पोरीला सांगायला हवं होतं की तुझी काही चूक नाही.

विलासने त्याचं अंथरूण हॉलमध्ये नेलं. "तुला मोकळं झोपता यावं म्हणून," असं म्हणाला. मी "बरं" म्हटलं. खोलीचं दार उघडंच असायचं, पण तो आत यायचा तो औषधं द्यायला आणि जायचा तो मागे न बघता.

चालता यायला लागल्यावर मी चर्चला गेले. खाली मान घालून सगळे शांतपणे प्रार्थना करत होते आणि माझ्या पोटातून जोरात आवाज झाला. पिशवीला आपल्यासारखं थांबवता येत नाही, त्यावर आपला ताबाच नसतो. पुढच्या बाकावरची मुलं फिस्सकन हसली. त्यांच्या आईने त्यांना चापटी मारली आणि मग स्वतःही ओठ दाबले.

त्याच आठवड्यात मंदाकाकू घरी आल्या. त्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. माझ्या लग्नात पहिली हळद त्यांनी लावली होती. वाईट बाई नाहीत त्या, हे मला मुद्दाम लिहायचंय. शेवयांची खीर घेऊन आल्या, माझा हात हातात घेतला.

"करुणा, आता भाकरीचं काम सुनंदा बघेल. तू आराम कर."

"काकू, मी करू शकते. उभी राहते मी ओट्याशी."

"तसं नाही गं." त्यांनी हात सोडला. "लोकांच्या मनात येतं. तुझं ते… हात लागतात… तू समजून घे."

"मी हात धुते, काकू."

"मला ठाऊक आहे. पण मनात येतं ना."

त्या गेल्यावर मी आंघोळीला गेले, आरशावर टॉवेल टाकला आणि तो पुढे काढलाच नाही.

भिंत

यानंतरच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळे सारखेच होते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण कमी केलं, कारण खाल्लं नाही तर पिशवी भरत नाही. बालवाडीच्या मुख्याध्यापिकांचा फोन यायचा, मी उचलायचे नाही. मुलं धावत येऊन पोटाला मिठी मारतात, ते आता नको. प्रार्थना करताना आधी 'का' एवढंच म्हणत होते. मग तेही सुटलं. मी माणूस राहिले नाही, गटार झाले, असं वाटायचं. ऑपरेशनमध्येच गेले असते तर सगळे सुटले असते, असंही वाटायचं. असं तुम्हाला वाटत असेल तर ते कुणाला तरी सांगा. आजच सांगा.

मी सांगितलं नव्हतं, सिस्टर लिसीने ओळखलं. पिशव्या संपल्या का विचारायला तिने फोन केला होता. माझा आवाज ऐकून म्हणाली, "दीदी, हे बहुत लोकांना होतं. मनाचे डॉक्टर पण डॉक्टरच असतात." विलास मला घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलणं सुरू झालं. शोभाताईच्या कानावर गेलं तेव्हा तिने विलासला फोनवर सांगितलं की ख्रिस्ती माणसाला मनाच्या गोळ्या लागत नाहीत. विलास तिला म्हणाला, "ताई, तू बीपीची घेतेस ना? मग." मला आतल्या खोलीत ऐकू आलं. त्या दिवशी मी पोळी पूर्ण खाल्ली.

परत वाच

ईस्टर आला आणि गेला. मी चर्चला गेले नाही. पुढच्या रविवारी शास्त्रवाचन एस्तेरकडे होतं, म्हणून ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहून सराव करत होती. थोमाची गोष्ट होती. येशू मरणातून उठला, शिष्यांना भेटला, पण थोमा तेव्हा तिथे नव्हता. तो म्हणाला, मी जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही. मग बंद दारांच्या आत येशू पुन्हा येतो आणि थोमाला जवळ बोलावून सांगतो, हे माझे हात बघ, आणि तुझा हात माझ्या कुशीत घाल. क्रुसावर सैनिकाने भाला खुपसला होता त्या कुशीत.

ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ. संशय घेऊ नये, हा तिचा धडा. मी स्वतः मुलांना तोच शिकवलाय.

"एस्तेर, परत वाच."

"काय चुकलं?"

"काही नाही. ते कुशीचं परत वाच."

तिने वाचलं. मी उठून बसले.

येशू मेला होता आणि उठला होता. दारं बंद असताना आत येत होता, म्हणजे शरीर नवंच असणार. ज्याला मरणातून उठता आलं, त्याला कातडीतलं एक भोक बुजवता येत नव्हतं? येत असणारच. त्याने बुजवलं नाही. भाल्याने पाडलेलं भोक कुशीत तसंच ठेवलं आणि मित्रांसमोर आला. त्याने ते कापडाखाली झाकलं नाही, मागच्या बाकावर जाऊन बसला नाही. बघ म्हणाला. हात घाल म्हणाला.

इतकी वर्षं मी थोमाकडे बघत बसले होते. त्या कुशीकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी बाथरूममध्ये गेले, आरशावरचा टॉवेल ओढून काढला आणि गाउन वर केला. आरशात मी होते. बारीक झालेली, डोळ्यांखाली काळी, कुशीशी जखम असलेली. मी येशूशी मोठ्याने बोलले, एस्तेरला ऐकू जाईल याची पर्वा न करता. "तुला हे ठाऊक आहे. कुशीत भोक असणं कसं असतं हे तुला ठाऊक आहे. मग इतके महिने गप्प का बसलास?" खूप भांडले. मग खूप रडले. उत्तर आलं नाही, कुठला आवाज झाला नाही, दिवा चमकला नाही. पण समोर कुणी तरी आहे असं धरून मी भांडले होते, हे मला नंतर लक्षात आलं. भिंतीशी कुणी एवढं भांडत नाही.

त्या दिवसाने मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. गोळ्या नंतरही बरेच महिने चालू होत्या. पण एक गोष्ट कायमची बदलली. माझं भोक हे माझ्या पापाचं फळ किंवा विश्वास कमी पडल्याची खूण आहे, असं कुणी म्हटलं तर मला आता उत्तर ठाऊक होतं. माझा देवही जखमेसकटच उठलाय. त्या जखमेने त्याची किंमत कमी झाली नसेल, तर माझीही नाही.

गॅस्केट

विलास पहिल्या पाळीहून आला. त्याला चहा दिला आणि म्हटलं, "आत ये. मला पिशवी बदलायचीय. तू बघ."

त्याचा कप हातातच राहिला. "मला नाही बघवणार, करुणा."

"मला घालून फिरावं लागतं. तुला नुसतं बघायचंय."

"तुला वाटतं मला किळस येते." तो खाली बघत बोलत होता. "किळस नाही. ऑपरेशननंतर तुला बाहेर आणलं तेव्हा तू कागदासारखी पांढरी पडली होतीस. नळ्याच नळ्या. तेव्हापासून वाटतं, मी हात लावला आणि काही निसटलं तर? म्हणून लांब झोपतो. झोपेत हात लागला तर?"

इतके महिने मी त्याच्या पाठीकडे बघून एक अर्थ लावत होते आणि त्या पाठीपलीकडे हा माणूस हे घेऊन झोपत होता.

"नाही निसटत," मी म्हटलं. "शिवलंय. ये."

त्याने कोपरापर्यंत हात धुतले, कंपनीत धुतात तसे. मी जुनी पिशवी काढली. तो आधी भिंतीकडे बघत होता, मग माझ्या चेहऱ्याकडे, मग खाली. बराच वेळ बघितलं. मग नवी पिशवी उचलली, तिची चिकट चकती निरखली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे भोक कुणी कापलं?"

"मीच."

"मग गळणारच. माप बघ ना. केवढं मोठं कापलंयस. गॅस्केट पाइपाला बरोबर बसलं नाही तर लीक होतं, साधी गोष्ट आहे." त्याने कात्री घेतली, दुसरी चकती कापली, दोनदा लावून पाहिली, बोटाने कडा हलकेच दाबत गोल फिरवली. "आता बघू कशी गळते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण याहून प्रेमाचं वाक्य तो कधी बोललेला मला आठवत नाही. त्या रात्री तो उशी घेऊन परत आला.

भाकर

शनिवारी मी कणीक मळली. एस्तेरने काही न विचारता टीव्ही बंद केला. भाकर नेहमीसारखीच झाली, कडेला किंचित करपलेली.

रविवारी आम्ही लवकर पोचलो. वेदीमागच्या छोट्या खोलीत मंदाकाकू ताट पुसत होत्या, पाळकसाहेब झगा घालत होते. पाळकसाहेब वयाने लहान, आमच्याकडे नुकतेच बदलून आलेले. मी पांढऱ्या कापडातली भाकर टेबलावर ठेवली.

काकूंनी माझ्याकडे, मग भाकरीकडे बघितलं. "सुनंदाने आणलीय गं."

"सुनंदाची भाकर आपण नंतर सगळे चहाबरोबर खाऊ. ही माझी आहे."

"करुणा, आपलं बोलणं झालं होतं."

"तुम्ही बोलला होतात, काकू. आज मी बोलते." "ही भाकर कुणाच्या शरीराची आठवण आहे? धडधाकट शरीराची? याला खिळे मारले होते. याच्या कुशीत भाला घुसवला होता, रक्त आणि पाणी वाहत होतं. ते शरीर तुम्हाला चालतं. हातात घेऊन, डोळे मिटून खाता. मग कुशीत भोक असलेल्या बाईने ती भाकर भाजली तर तुमच्या मनात काय येतं?"

काकूंचा चेहरा लाल झाला. "लोक उठून जातील. मग?"

"मग जाऊ देत. पण जाताना त्यांनी स्वतः जावं. माझ्या घरी खीर घेऊन येऊन मलाच घालवू नये."

पाळकसाहेब एका बाहीत हात घालून तसेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि दुसरा हात बाहीत घातला. मग माझी भाकर उचलून चांदीच्या ताटात ठेवली.

भाकर कुणाची ते बाकाबाकावर पोचलं होतं; दोन कुटुंबं त्या रविवारी ती घ्यायला पुढे आली नाहीत. मंदाकाकूही बाकावर बसून राहिल्या, हात मांडीवर घट्ट धरून. बाकीचे सगळे आले. एक म्हातारे आजोबा, ज्यांच्याशी मी कधी फार बोललेले नाही, तुकडा घेऊन परतताना माझ्या बाकाशी थांबले आणि शर्टाच्या आत, छातीवरच्या ऑपरेशनच्या व्रणाला हात लावून नुसते हसले.

ती दोन कुटुंबं नंतर पुढे यायला लागली. मंदाकाकू अजून माझ्या हातची भाकर घेत नाहीत. मी दर वेळी करते. दर वेळी त्यांच्या नावाचा तुकडा ताटात असतो. त्यांनी घ्यायचा की नाही हा त्यांचा प्रश्न आहे, मी करायची की नाही हा आता कुणाचाच नाही.

चंगाई

शोभाताई मध्यंतरी भेटली. म्हणाली, "पूर्ण चंगाई मिळाली असती तर पिशवी राहिली नसती." मी म्हटलं, "ताई, मी बालवाडीत पुन्हा शिकवते. जेवते. नवऱ्याशी भांडते. देवाशी भांडते. परवा एका मुलाने माझ्या पोटाला कान लावून विचारलं, टीचर, आत कोण बोलतंय? मी म्हटलं, माझं आतडं. तो म्हणाला, त्याला भूक लागलीय. सगळा वर्ग हसला, मीही हसले. तुझ्या हॉलमध्ये याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी याला चंगाई म्हणते."

तपासण्या अजून आहेत. प्रत्येक वेळी मशीनच्या बोगद्यात शिरताना मी मनात आकडे मोजत राहते. विश्वास असला की भीती जाते, असं मला कुणी सांगू नये. भीती असते. मी तिला बरोबर घेऊन जाते.

बेलपाड्याची मुलगी

हल्ली सिस्टर लिसी मला अधूनमधून बोलावते. नव्या पेशंटला कुणी तरी पिशवीवालं भेटलं की बरं वाटतं म्हणून. परवाची मुलगी बेलपाड्याची होती, वीस-बावीसची. आतड्याच्या जुन्या आजाराने मोठं आतडं काढावं लागलं होतं. डोक्यावरून चादर घेऊन पडली होती. शेजारी तिची आई स्टुलावर बसून डोळे पुसत होती.

"साखरपुडा झालेला हो," आई मला म्हणाली. "आता कोन करील हिच्याशी? आमी त्यांना अजून सांगितला पन नाय. तुमी तरी सांगा, कपड्यातून दिसत तर नाय ना?"

मी देवाचं काही बोलले नाही. तिचा देव वेगळा असेल, आणि आजारी माणसाच्या कॉटशी मी सभा भरवत नाही. मी उठून पडदा ओढला, कुर्ता वर केला आणि माझी पिशवी चादरीच्या दिशेने धरून उभी राहिले.

"बघायचं असलं तर बघ," मी म्हटलं. "नसलं तर मी जाते."

थोड्या वेळाने चादर हलली. आधी कपाळ दिसलं, मग डोळे. ती माझ्या पिशवीकडे बघत राहिली.

"नवरा हाय तुमाला?"

"आहे. तोच चकती कापून देतो. माझ्याने अजून वाकडी होते."

"लाज नाय वाटत?"

"खूप वाटायची. आता नाही. आणि कुणाला माझी वाटत असेल, तर ती त्यांची त्यांनी सांभाळावी."

आई मध्येच बोलली, "पन त्या लोकांना सांगायचा कसा? मोडला म्हंजे?"

मुलीने आईकडे बघितलं. मग कोपरावर जोर देऊन, दात आवळून ती उठून बसली. मी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही.

"मीच सांगीन," ती म्हणाली. "आई, तू जरा भाईर बस."

आई गोंधळून उठली आणि पडद्याबाहेर गेली. मुलीने केस मागे सारले, गाउन वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

"हां. शिकवा आता."